तीनशे केबी

आचाकाचीच्या बाजारात, औषधांच्या दुकानामागे
माझी तीन संगणकांची खोली.
अर्ध्या तासाला दोन बोलिव्हियानो,
प्रिंटचे वेगळे, धीर फुकट.

लेओकादिया काल्यिसाया चार वाजता आली,
पाठीवरच्या ओझ्यासकट बाकावर टेकली
आणि भाच्याचा फोन माझ्यापुढे सरकवला,
डॉक्टरपुढे तापलेलं पोर सरकवावं तसा.
"स्पर्धेला पाठवायचाय. सहाच्या आत."
फोटोत तिचा अवायो, सात महिने विणलेला.
वजन चार पूर्णांक सात एमबी.
फॉर्मची अट: तीनशे केबी, वर एक नाही.
"म्हणजे किती?"
"सोळा वाटे केले तर त्यातला एक."
ती बोटांच्या पेरांवर मोजत राहिली.
"म्हणजे माझे तेरा दिवस," म्हणाली.

दर्जाची पट्टी मी डावीकडे ओढली.
ऐंशी. काही बिघडलं नाही.
साठ. मला तरी काही दिसलं नाही.
ती पडद्याला नाक लावून होती.
"बदकाचा डोळा कुठाय?"
एका पिवळ्या धाग्याचा डोळा.
पस्तीसला बदकच गेलं,
लाल-निळ्याच्या सीमेवर धुकं उतरलं,
चौकोनी धुकं,
बारीक विणीवर कुणी जाडीभरडी ठिगळं मारावीत तसं.

मी यंत्राची बाजू घेतली.
म्हटलं, ते वाईट नाही, काटकसरी आहे.
रंग सलग असेल तिथं एकदाच लिहितं,
'इथून तिथवर गुलाबी', आणि पुढे जातं.
दर धाग्याला काही घडत असेल
तर त्याला जागा लागते. मग ते हात आखडतं.

ती हसली. "सलग पट्टीला आम्ही पाम्पा म्हणतो,
मोकळं रान. नक्षीच्या पट्टीला साल्टा.
पाम्पा माझी सूनही विणते, गप्पा मारत.
साल्टा विणताना तोंड मिटावं लागतं.
तुझ्या यंत्राला फरक कळतो की!
फक्त पोटात काय घालायचं ते चुकतं."

मग लांबी-रुंदी घटवून पाहिली.
वजन बसलं,
पण अवायोचा हातरुमाल झाला, नक्षीच्या मुंग्या.
पाच वाजून वीस. दिवे एकदा मिचकावले.
मी मूळ फाइल उघडायची आणि ती मान हलवायची,
असं चारदा.

"बाजारात घेणारा," ती अचानक म्हणाली,
"आख्खं कापड उलगडतो का रे कधी?
कोपरा उचलतो. उलटा करतो. काठावर नख फिरवतो.
तेवढ्यात त्याला माझे हात कळतात."
शितावरून भात, एवढं साधं,
आणि मी तासभर पातेलंच दाबत बसलो होतो.

तिनं पाठीवरची गाठ सोडली.
चुन्यो, सुकवलेले काळे बटाटे, माझ्या टेबलावर घरंगळले.
तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं:
स्पर्धेचा अवायो तो हाच.
प्रिंटरवर एक कोपरा पसरला, खिडकीच्या उजेडात,
आणि मी वीतभरच टिपला.
काठ, बदक, डोळा,
आणि एका ओळीत भरकटलेला निळा धागा.
"हे कापू का बाजूला?"
"राहू दे. त्या दिवशी साओ पाउलोहून पोरीचा फोन आला होता."
पुढे ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

दोनशे ब्याण्णव.
हिरवी रेघ गोगलगायीसारखी सरकत सरकत
पाच एक्कावन्नला पोचली.

भाच्याच्या फोनमधली जागा संपली होती.
तो विचारत होता: मूळ फोटो पुसायचा?
मी तिला वाचून दाखवलं.
"मूळ? तो?" ती म्हणाली,
आणि चुन्यो वेचून कापडात घेतले,
गाठ छातीवर आवळली,
दोन नाणी ठेवली, एक बटाटा विसरली,
उतारावरून निघून गेली.

बटाटा अजून माझ्या कीबोर्डशेजारी आहे.
वजन केलेलं नाही.